चारचाकीतले कार्यालय: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लांबच्या प्रवासात मोटारीतूनच नोकरीचे काम करण्याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील सारख्या शंका एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. विजेच्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यात झालेली चूक गाडीला आणि खिशाला दोघांनाही महागात पडते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो. नोव्हेंबरमध्ये महिनाभर रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने हळूहळू जावे, रात्री घरगुती निवासांत मुक्काम करावा आणि दिवसा गाडीतूनच काम करावे असा विचार आहे. गाडी स्मार्ट हायब्रिड पेट्रोल एर्टिगा आहे. ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने एक हजार वॉटचा इन्व्हर्टर थेट गाडीच्या बॅटरीला जोडून देतो असे सांगितले. हे योग्य आहे का? (पुणे)

उत्तर : योग्य नाही. इन्व्हर्टर किती वॉटचा आहे यावरून तो एका वेळी किती भार उचलेल एवढेच कळते. तो भार किती वेळ चालेल हे त्याला जोडलेल्या बॅटरीवर अवलंबून असते, आणि गाडीची बॅटरी या कामासाठी बनवलेलीच नसते. लहान मोटारींत साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते आणि स्टार्टर फिरवण्यापुरता काही सेकंद मोठा प्रवाह देणे हे तिचे काम असते. ४० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत सुमारे ४८० वॉट-तास ऊर्जा मावते, पण ती निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी राहिले २४० वॉट-तास. सरासरी ४० वॉट खाणारे दोन लॅपटॉप तेवढी वीज तीन तासांत संपवतील, आणि त्यापुढेही काम चालू ठेवले तर गाडी ढकलायला माणसे शोधावी लागतील.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी कागदावर हिशेब मांडावा. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास, हे लक्षात ठेवले की पुढचे आकडे डोळ्यांसमोर येतात. दोन लॅपटॉप आठ तास चालले तर ६४० वॉट-तास लागतील. राउटर दहा तास चालला तर ८०, दोन मोबाइलना मिळून ३०, बारा व्होल्टचा छोटा पंखा सहा तास चालला तर ६० आणि संध्याकाळच्या दिव्याला २० वॉट-तास धरावेत. ही बेरीज ८३० होते. रूपांतरात वाया जाणारी वीज त्यात मिळवली की साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट, अशी आपली गरज ठरते. लॅपटॉपला प्रत्यक्ष किती वॉट लागतात हे प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणाऱ्या छोट्या वॉटमीटरवर घरीच पाहून घ्यावे. अडॉप्टरवर छापलेला ६५ किंवा ९० वॉटचा आकडा ही कमाल मर्यादा असते.

एवढी वीज गाडीच्या बॅटरीपासून वेगळ्या ठेवलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून घ्यावी. १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तास साठवते आणि तिच्यातील ८० ते ९० टक्के वीज निर्धास्त वापरता येते, त्यामुळे आपला एक दिवस तीत बसतो. तेवढ्याच क्षमतेचे बंदिस्त पॉवर स्टेशन घेतले तर इन्व्हर्टर, चार्जर आणि संरक्षक सर्किट एकाच पेटीत मिळते. त्याला किंमत जास्त पडते, पण जोडणीतल्या चुका टळतात. काहीही घेतले तरी लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे याची खात्री करावी. नाव नसलेली स्वस्त पेटी गाडीत बाळगू नये.

ही बॅटरी भरायची कशी, यावर सगळे येऊन ठेपते. आपला मुक्काम रोज रात्री कोणाच्या तरी घरी असेल, तर माझे स्पष्ट मत असे की गाडीच्या वायरिंगला हातच लावू नये. पंधरा अँपिअरच्या योग्य चार्जरने ही बॅटरी खोलीतल्या प्लगवर पाच-सहा तासांत पुन्हा भरते. यजमानांना आधी विचारावे आणि विजेचे पैसे आपणहून द्यावेत. कोकणात वीज रात्रीही जाते, म्हणून झोपेपर्यंत न थांबता मुक्कामी पोहोचताच चार्जर लावावा.

सलग काही रात्री विजेविना काढायच्या असतील तरच गाडी चालताना बॅटरी भरण्याची सोय करावी आणि त्यासाठी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीचे कमीजास्त होणारे व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवे तसे करून देणारा चार्जर, वापरावा. पूर्वी दोन बॅटऱ्यांच्या मध्ये साधा रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा विद्युत स्विच) टाकून काम भागत असे. आपल्या गाडीत आणि भारत स्टेज ६ प्रदूषण मानकाच्या अनेक गाड्यांत व्होल्टेज स्थिर राहत नाही. उतारावर आणि ब्रेक लावताना ते वाढते, एरवी इंधन वाचवण्यासाठी कमी ठेवले जाते. रिलेच्या भरवशावर राहिल्यास दिवसभर गाडी चालवूनही दुसरी बॅटरी अर्धवटच भरते. आपल्या गाडीला वीस अँपिअरचा चार्जर पुरेसा आहे. तो ताशी सुमारे २८० वॉट-तास भरतो, म्हणजे रोजची गरज साडेतीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये भागते. त्याहून मोठा चार्जर लावून गाडीच्या विद्युत यंत्रणेवर ताण आणू नये. आपल्या गाडीत हायब्रिड यंत्रणेची स्वतंत्र लिथियम बॅटरीही असते, तिला कोणालाही हात लावू देऊ नये.

हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेताना शेजारी उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. तांब्याची वायर किमान १० चौरस मिलिमीटर जाडीची असावी. बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत फ्यूज असावा. चार्जरजवळच्या फ्यूजने फक्त चार्जर वाचतो, मधली चार मीटर वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग तिथेच लागते. इंजिनाच्या कप्प्यातून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या छिद्रात बसणाऱ्या रबरी कड्यातूनच) आली पाहिजे. लग (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे कडे) पक्कडीने दाबून बसवणारा कारागीर असेल तर त्याला थांबवावे आणि क्रिम्पिंगचे हत्यार असलेल्या दुसऱ्याकडे जावे. काम सुरू होण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीविषयी लेखी विचारून ठेवावे.

लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लागतोच असे नाही. सी-टाइपने चार्ज होणारे लॅपटॉप १२ व्होल्टवर चालणाऱ्या ६५ वॉटच्या चार्जरवर सरळ चालतात आणि बाराचे दोनशेतीस व दोनशेतीसचे पुन्हा वीस व्होल्ट करण्यातली दुहेरी घट वाचते. गाडीच्या पुढच्या सॉकेटची मर्यादा मात्र बहुधा १२० वॉटच असते, त्यामुळे दोन्ही लॅपटॉप एकाच वेळी तिथे लावू नयेत. आपल्याला लागणारी सॉकेट दुसऱ्या बॅटरीवर घ्यावीत.

टपावर सौर पॅनेल लावावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. आडवे बसवलेले १०० वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ३५० ते ४०० वॉट-तास देते. त्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागेल, आणि गाडीत बसून काम करणाऱ्याला तर सावली हवी असते. आपल्या बेतात ते बसत नाही.

प्रश्न : मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना व्हिडिओ बैठक सतत तुटते. मोबाइल सिग्नल बूस्टर बसवला तर कोकणात सगळीकडे रेंज मिळेल का? (चिपळूण)

उत्तर : बूस्टर बसवू नये. दुकानात आणि ऑनलाइन तो सर्रास विकला जात असला, तरी परवानगीशिवाय असा रिपीटर (सिग्नल वाढवून पुन्हा सोडणारे यंत्र) बाळगणे आणि चालवणे बेकायदा आहे, कारण तो आसपासच्या सर्वांच्या सिग्नलमध्ये व्यत्यय आणतो. दोन सिम घेणारा राउटर आणि त्याला जोडलेला बाहेरचा अँटेना वापरण्यात असा दोष नाही. अँटेना स्वतः सिग्नल वाढवून पुन्हा सोडत नाही, तो गाडीच्या पत्र्याच्या आडोशातून बाहेर येऊन टॉवरला ‘पाहतो’ आणि बऱ्याचदा तेवढेच पुरते. अँटेनाची केबल शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण लांब बारीक केबलमध्ये मिळालेला फायदा विरून जातो. दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत. एकाच कंपनीच्या दोन सिमचा उपयोग डेटा संपल्यावरच होतो.

रेंज मोजताना मोबाइलवरच्या दांड्यांवर विसंबू नये. राउटरच्या माहितीपानावर सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ८५ च्या आसपास आकडा असेल तर निश्चिंत बैठक घ्यावी, उणे ११० च्या पुढे गेला तर आवाजापुरताच संपर्क ठेवावा. कॅमेरा बंद करून नुसता आवाज ठेवला तर फारच थोडा डेटा वेग पुरतो, हे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले की संकोच राहत नाही.

आपल्या भागात यंत्रापेक्षा जागेची निवड जास्त कामाची आहे. खाडीकाठच्या वाडीत डोंगराच्या कुशीत रेंज मरते आणि तोच रस्ता चढून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, आले की टॉवर समोर दिसतो. त्यामुळे सकाळची बैठक सड्यावर घ्यावी आणि मुक्कामाला खाली उतरावे. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी गाडीसह खाडी ओलांडायची असेल, तर त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे कोणालाही वेळ देऊ नये. बोटीचा प्रवास थोडाच असतो, वेळ जातो तो रांगेत. घाट उतरण्याच्या वेळांनाही हाच नियम लावावा. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, तेव्हा तालुक्याचे गाव गाठणे एवढाच उपाय उरतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. हिवाळ्यात दोन महिने भारतात येऊन आईवडिलांना गाडीने फिरवायचे आणि तिथूनच इथल्या कार्यालयाचे काम करायचे, असे ठरवले आहे. इथला राउटर आणि उपग्रह इंटरनेटची डिश सोबत आणू का?

उत्तर : डिश आणू नये. उपग्रह संपर्काची साधने परवानगीशिवाय भारतात आणणे आणि वापरणे यावर बंदी आहे. उपग्रह फोन किंवा गिर्यारोहकांची उपग्रह संदेश-साधने सोबत ठेवल्याबद्दल परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. राउटरची अडचण वेगळी आहे. भारतात ४जी प्रामुख्याने ३, ५, ८ आणि ४० या क्रमांकांच्या बँडवर (रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर) चालते, तर अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या कित्येक राउटरांत बँड ४० नसतो. असा राउटर चालू होईल, सिम ओळखेल, पण वेग मिळणार नाही. राउटर भारतात आल्यावरच विकत घ्यावा. जम्मू-काश्मीर किंवा लडाखला जाणार असाल तर महाराष्ट्रातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागते.

आपल्या पत्रात न आलेली एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हिवाळ्यात न्यू जर्सीचे सकाळी नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसात आणि तिथले पाच म्हणजे इथली पहाटेची साडेतीन. आपले कार्यालय रात्रीचे असेल. उकाड्याचा प्रश्न त्यामुळे सुटतो, पण रस्त्याकडेला दिवा लावून उभी असलेली गाडी गस्तीवरच्या पोलिसांचे आणि इतरांचेही लक्ष वेधून घेते. अशा कामासाठी मुक्कामाच्या घराचे अंगण किंवा हॉटेलचे आवार निवडावे. आणि पहाटे साडेतीनला काम संपवलेल्या माणसाने सकाळी आठला आईवडिलांना घेऊन गाडी चालवू नये. दोन महिन्यांसाठी चालक ठेवावा.

प्रश्न : कामानिमित्त मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोली भागात गाडीतच दुपार काढावी लागते. इंजिन चालू ठेवून एसीत बसून काम केले तर काय बिघडेल? (नागपूर)

उत्तर : पैशाचे नुकसान तुलनेने थोडे आहे. उभ्या गाडीत एसी चालवला तर तासाला साधारण पाऊण ते एक लिटर इंधन जाते. धोका आहे तो कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि बंद गॅरेजमध्ये, भिंतीला खेटून किंवा उंच गवतात गाडी उभी असेल तर धूर पुन्हा आत येऊ शकतो. माणसाला गुंगी येते ती झोप आल्यासारखी वाटते. उघड्या मैदानात थोडा वेळ एसी लावणे निराळे आणि तासन्‌तास इंजिन चालू ठेवून बसणे निराळे. झोप तर अशा गाडीत मुळीच घेऊ नये.

बॅटरीवर एसी चालवण्याचा विचार केला असेल तर तोही सोडावा. एक टनाचा घरगुती एसी तासाला जवळपास एक युनिट खातो, म्हणजे वर पुण्याच्या दांपत्यासाठी सुचवलेली संपूर्ण बॅटरी तासाभरात संपेल.

विदर्भात मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत गाडी हे कामाचे ठिकाण होऊच शकत नाही, असे माझे मत आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तापमान साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. लेखनाचे, एकाग्रतेचे काम पहाटे सहा ते अकरा उरकावे. दुपारी तालुक्याच्या ठिकाणचे वाचनालय, विश्रामगृह किंवा ओळखीच्याचे घर गाठावे आणि गाडीतून उतरताना लॅपटॉप सीटवर न ठेवता सोबत न्यावा. लिथियम बॅटरी काचेखाली किंवा डिकीच्या वरच्या भागात न ठेवता खाली, सीटमागच्या सावलीत ठेवावी; ती ४५ अंशांच्या वर तापली की चांगल्या बॅटरीचे संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवते आणि मालकाला वाटते बॅटरी बिघडली. सकाळच्या कामाच्या वेळी पुढच्या काचेवर चकाकता पडदा आतून न लावता बाहेरून टाकला तर जास्त उपयोग होतो, कारण मग ऊन काचेतून आत शिरण्याआधीच अडते. बाजूच्या खिडक्यांना लोहचुंबकाचे पडदे गाडी उभी असतानाच लावावेत आणि निघण्याआधी काढावेत.

प्रश्न : माझी वॅगन आर सीएनजीवर आहे. डिकीत टाकीच्या बाजूला बॅटरी आणि इन्व्हर्टर ठेवला तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : चालणार नाही. इन्व्हर्टरच्या स्विचमध्ये आणि सैल जोडणीत ठिणगी पडते आणि टाकीच्या व्हॉल्व्हजवळ किंचित गळती असली तरी बंद डिकीत वायू साचतो. साधने पुढच्या सीटच्या मागे, पायांच्या जागेत घट्ट बांधून ठेवावीत. टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, तेही प्रवासाआधी पाहावे.

प्रश्न : मधली सीट काढून तिथे टेबल आणि झोपण्याचा फळा बोल्टने बसवायचा आहे. आरटीओची परवानगी लागते का? (सातारा)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. आसनसंख्या हा आरसीवरचा तपशील आहे, त्यामुळे सीट कायमची काढून त्या जागी सामान बोल्टने बसवणे सरळ या कलमात येते. दंडापेक्षाही मोठी चिंता विम्याची आहे, कारण अपघातानंतर कंपनी बदलाचे कारण पुढे करून दावा नाकारू शकते.

सीट जागेवर ठेवून, घडी घालून, तिच्यावर ठेवता आणि काढता येणारा फळा व घडीचे टेबल करून घ्यावे. सुताराला बारा मिलिमीटरचा प्लाय वापरायला सांगावे, कडा गोल करून घ्याव्यात आणि सर्व काही रॅचेटच्या (खटक्याने आवळता येणाऱ्या) पट्ट्यांनी गाडीतल्या मूळ कड्यांना बांधावे. मग ते आपल्या गाडीतले सामान ठरते. टेबलाची उंची ठरवताना गाडीत बसून, कोपर काटकोनात ठेवून माप घ्यावे. घरातल्या खुर्चीवर घेतलेले माप गाडीत हमखास चुकते, कारण गाडीची सीट मागे कललेली असते. वेगळी बॅटरी किंवा चार्जर कायमचा बसवला असेल तर विद्युत ॲक्सेसरीज म्हणून त्याची किंमत विमा पत्रात स्वतंत्र नोंदवून घ्यावी.

खरी कॅरॅव्हॅनच, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडीच, हवी असेल तर भारतात तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि त्यानुसार मान्यता घेऊन बनवलेले वाहन कॅरॅव्हॅन म्हणून नोंदवले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याची कॅरॅव्हॅन परवडेल.

प्रश्न : पत्नी गाडी चालवते तेव्हा मी पुढच्या सीटवर बसून लॅपटॉपवर काम करू शकतो का? (कोल्हापूर)

उत्तर : फोनवर बोलावे, लॅपटॉप उघडू नये. पुढची एअरबॅग डॅशबोर्डमधून सेकंदाच्या अंशात बाहेर येते आणि मांडीवरचा लॅपटॉप तिच्या आणि आपल्या छातीच्या मध्ये सापडतो. मागच्या सीटवर पट्टा लावून, सपाट महामार्गावर, थोडे वाचन करता येईल, पण घाटवळणांत पडद्याकडे पाहिले की पोट ढवळणारच. सैल सामानाचीही तीच गोष्ट आहे. चालत्या गाडीत मॉनिटर, राउटर, पाण्याची बाटली यांतले काहीही बांधल्याशिवाय राहू नये.

प्रश्न : नेक्सॉन ईव्हीच्या मुख्य बॅटरीवरच लॅपटॉप चालवता येतात असे ऐकले. मग वेगळ्या बॅटरीची गरज आहे का? (नाशिक)

उत्तर : आपली गाडी सप्टेंबर २०२३ नंतरच्या सुधारित रूपातली असेल आणि तिच्या प्रकारात ‘व्हेइकल टू लोड’ (मुख्य बॅटरीवर बाहेरची साधने चालवण्याची) ही सोय असेल, तर वेगळी बॅटरी नको. वरच्या पुण्याच्या दांपत्याच्या दिवसभराच्या कामाला लागणारे एक युनिट म्हणजे साधारण सहा-सात किलोमीटर अंतर कमी झाले, एवढाच त्याचा भुर्दंड. ही सोय नसेल तर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर तासन्‌तास विसंबू नये, कारण विजेवरच्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते आणि गाडी बंद ठेवून ती उतरवली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ‘व्हेइकल टू लोड’साठी लागणारा अडॉप्टर गाडीच्या कंपनीचाच घ्यावा आणि पावसात त्याचे टोक उघड्यावर ठेवू नये.